नरसम्माच्या पंगतीचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.
वैष्णवीचा पुण्याहून फोन. तिच्या कॉलेजची ट्रिप सोळा तारखेला सोलापुरात येणार. विषय: बाहेरून येऊन शहरात वसलेल्या लोकांचं खाणं आणि कल्चर. म्हणजे आमचाच पूर्व भाग, तेलुगू विणकरांच्या गल्ल्या. म्हटलं, मग जेवण आपल्याकडंच. तर म्हणते, जेवण समोरच्या नरसम्माकाकूंकडं ठरलंय आई, मीच ठरवलंय.
पोटची पोरगी! मैत्रिणींना घेऊन माझ्या दारावरून जाणार आणि समोर जेवणार. कारण विचारलं तर म्हणाली, नंतर सांगते, रेंज नाही. रेंज होती.
आज उपास. राग गिळला. उपासाला चालतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
नरसम्मावर माझा राग जुनाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी शेंगाचटणी नेली होती. अख्ख्या गल्लीसमोर म्हणाली, वैजंताक्का, चटणी लई झ्याक, पण शेंगा मागनं येणार हायत काय? बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याला कुणी भुलू नये.
आज देवळात जाऊन क्षमा करायची शक्ती मागितली. डोळे मिटून थांबले. आली नाही. म्हणजे देवाची हरकत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.
प्लॅन सुचला. पोरं नरसम्माकडं एक वाजता जेवणार. आपण आधीच गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, सगळ्यांना घरात घ्यायचं, आणि पुरणपोळी, कटाची आमटी, भजी असं गळ्यापर्यंत चारायचं. मग जाऊ देत समोर, ढेकरा देत. नरसम्माची पातेली जशीच्या तशी राहणार. वैष्णवी म्हणेल, आई, माझं चुकलं. लगेच माफ करायचं नाही. संध्याकाळपर्यंत थांबायचं.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, गळ्यापर्यंत? तू वाढणार? आणि उगीच खोकत बसले. टॉवेलच्या कारखान्यात धूळ फार.

८ फेब्रुवारी, शनिवार. एकादशी.
पुरणाचा विचार सोडला. डाळ, गूळ, वर तूप. तूप कमी पडलं तर ती बया विचारणार, तूप मागनं येणार हाय काय. पिठलं-भाकरी करू. पिठलं पोटात जाऊन फुगतं. सुडाला तेच बरं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
पिठल्याची रंगीत तालीम. पातळ केलं की पुरवठ्याला येतं, हा माझा संसारातला जुना शोध. ह्यांनी ताट हलवून बघितलं आणि विचारलं, ह्यात जेवायचं का पोहायचं? ह्या माणसाला व्हिजन म्हणून नाही.
शिवाय एवढ्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे गॅस. शहाण्या बाईनं सूड घ्यावा, सिलिंडर संपवू नये.
नरसम्माकडं पुंटीकूर करणार आहेत म्हणे. म्हणजे काय, तर अंबाडीची भाजी! आम्ही केली की अंबाडी, तिनं केली की कल्चर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
देव पाठीशी आहे. भावानं मंद्रूपहून चिंच पाठवली, घरच्या झाडाची. चिंचेचं सार करायचं. मिरी घालून, झणझणीत. कढीपत्ता नरसम्माच्याच कुंडीतला आणला, तिला विचारून. हसून फांदीच तोडून दिली. हसू दे.
सार पातळ असतं हे खरं. पण पोट पाण्यानंही भरतंच की. एकेक वाटी. वाट्या हळदीकुंकवाला आलेल्या आहेत त्या. लहान आहेत, पण दिसायला चांगल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार. संकष्टी. सकाळी.
सार तयार. नैवेद्याआधी चाखायचं नसतं आणि माझा तर उपास, त्यामुळं मिरीचा अंदाज हातानं घेतला. नरसम्माच्या नावानं वर एक चिमूट.

त्याच दिवशी, दुपारी.
सगळ्यांना ओसरीवर बसवलं. वाट्या दिल्या. पोरांचे डोळे पाणावले. नाकं वाहिली. ऋतुराज नावाचा एक उंच मुलगा म्हणाला, काकू, अजून मिळेल? मी म्हटलं, पित्त होतं बाळा. वैष्णवी खाली बघत होती. भारावली असणार.
मग तो ऋतुराज वही काढून विचारतो, तुम्ही मूळच्या कुठल्या? म्हटलं, मंद्रूप. हे नोकरीला लागले तेव्हा आलो. आणि समोरच्या काकू? म्हटलं, त्या तेलुगू, पण जन्म इथलाच. तिच्या आजोबांनी इथं माग टाकला. झालं! त्यानं लिहून घेतलं की गल्लीत बाहेरून आलेली मी. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, व्हेरी गुड ऑब्झर्वेशन. एवढं सार पाजून!
असू दे. पोटं भरून गेलीत. आता समोरची मजा बघायची. खिडकीत बसते.

संध्याकाळी.
चिंच आणि मिरीनं भूक खवळते, हे मला कुणी सांगायचं? पोरं नरसम्माकडं तुटून पडली. भाकऱ्या परत थापल्या, अंबाडी परत फोडणीला टाकली. खिडकीतून वास येत होता आणि माझा चंद्रोदय लांब.
पोरं निघताना नरसम्मा माझ्या दारात येऊन, माझे हात धरून म्हणाली, अक्का, तुमच्या सारानं लई काम केलं बगा, पोरं लाजंनाच झाली! माझ्या पंगतीला असं कुनी जेवलं न्हाय अजून.
वैष्णवी दोन मिनिटं घरी आली. सगळी पोरं मला स्टार्टरवाल्या काकू म्हणतात म्हणे.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
वैष्णवीला फोन करून विचारलंच, आता रेंज आहे का? मग म्हणाली, आई, तू वाढताना भाकऱ्या मोजतेस. मला लहानपणापासनं तिसरी मागायची भीती वाटायची. मैत्रिणींसमोर नको वाटलं.
साफ खोटं. मी मोजत नाही. माझ्या लक्षात राहतं.
हिला नरसम्मानंच फितवलं. आता गय नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
शेवटचा डाव. नरसम्मा रोज म्हणते, अक्का, एकदा जेवायला या. गेले. ठरवून गेले, सकाळी चहासुद्धा न पिता. तिच्या घरात बसून तिचंच नुकसान करायचं. पीठ, तेल, अंबाडी, लसूण, सगळ्याला कात्री.
पहिली भाकरी रागानं खाल्ली. दुसरीही. अंबाडी आंबट, वर लसणाची फोडणी, तेल ताटाच्या कडेपर्यंत. उधळी बाई. एवढ्या तेलात माझा आठवडा निघतो. मी बोटानं पुसून घेतलं, वाया जाऊ नये म्हणून.
मी मान खाली घालून सूड घेत होते, तेवढ्यात तिनं मोबाईलवर माझा फोटो काढला आणि वैष्णवीला पाठवला. म्हणाली, पोरीला बरं वाटंल की. घास तोंडात होता, त्यामुळं अडवता आलं नाही.
वैष्णवीचं उत्तर लगेच आलं. नरसम्माला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून मोबाईल माझ्याच पुढं धरला. मी मॅट्रिक पास, मोठ्यानं वाचलं: काकू, आईला विचारत बसू नका, वाढत जा. ती मागणार नाही.
नरसम्मानं तिसरी टाकली. गरम होती, फुगलेली.
मी मागितली नाही. ताटावर हातही आडवा धरला नाही.