शांताची साखर

अमळनेर, मंगळवार, संध्याकाळ

धुळ्याहून आलो. डोकं जड झालंय, पण लिहायलाच हवं. डॉक्टरांनी शांताचं रक्त लॅबमध्ये तपासलं आणि त्याच वेळी आमच्या घरच्या मशीनवरही. लॅबची साखर एकशे अडतीस, मशीनची दोनशे चाळीस. शांता बाहेर बसली होती. डॉक्टरांनी मला विचारलं, "साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी कुठे ठेवता?" गॅसशेजारच्या फळीवर. झाकण घट्ट, उघडताना बोटं दुखतात, म्हणून मीच ते अर्धवट लावायचो. "उष्णतेनं, वाफेनं पट्ट्या खराब होतात. मग आकडे चुकतात," ते म्हणाले.

ते आकडे बघून तीन महिने मी बायकोला चोरून गोड खाणारी ठरवलं. गुळाचा डबा कुलपात ठेवला. पिंपळनेरला तिच्या भाच्याच्या लग्नात, भर पंगतीत, तिच्या ताटातली जिलेबी उचलून घेतली. रोज ती एवढंच म्हणायची, "मी काहीच खादं नही." चाळीस वर्षांत ही बाई माझ्याशी कधी खोटं बोलली? मग मी मशीनचंच का ऐकलं?

परतताना एसटीत म्हणालो, "मशीन चुकीचं होतं." झाकणाचं सांगायचं धाडस झालं नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्हनं मशीन खरं, अन् मी खोटी." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

आत्ता जेवताना मी तिला तीन महिन्यांत पहिल्यांदाच दुसरी भाकरी वाढली. तिनं ती परत टोपलीत ठेवली. "आते भूकच लागत नही," म्हणाली, आणि ताट उचलून मोरीकडे गेली.