दुसरा फोटो

४ मार्च
बाबांना हॉस्पिटलात आमच्याच स्कॅन विभागात पाठवलंय. सात वर्षांनी समोरासमोर, आणि पहिलं वाक्य — "ही अवदसा इथं काय करतेय?" सतरा दिवस ताप हटत नाही. प्रोस्टेटमध्ये संसर्ग असावा, पण सोनोग्राफीत धड काही दिसत नाही. आईचं मनगट सुजलेलं. "जिन्यावरून घसरले." आमच्या घराला जिना नाही.

जाताना हळूच म्हणाली, "वाचतील ना गं?"

पू सापडला तर वाचतील. नाही तर रक्तात पसरेल. एवढंच सांगितलं.

५ मार्च
दुसरा टेक्निशियन रजेवर, म्हणजे मीच. सकाळी त्यांचं रक्त काढलं, पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, त्यांना किरणोत्सारी औषध लावून परत शिरेत सोडल्या. पू असेल तिथे या पेशी धावतात, आणि फोटोत तेवढी जागा उजळते. सुई शिरेत असताना त्यांनी माझा दंड पिरगळला. बोटं उमटलीत. सुई हलू दिली नाही.

चार तासांनी फोटो. त्याआधी लघवी करायची, कारण औषध मूत्राशयातही उतरतं आणि प्रोस्टेट झाकून टाकतं. "झाली!" म्हणाले. झाली नव्हती. पडद्यावर भला मोठा पांढरा गोळा! डॉक्टर घाईत. "मूत्राशय आहे. बाकी साफ. पाठवा घरी."

मी गप्प बसले असते तर संपलं होतं.

म्हटलं, "सर, परत काढते."

बाटली हातात दिली. "बापाला मुतायला शिकवतेस?" भरलेली बाटली माझ्या तोंडावर फेकली! वर कानशिलात. केसांजवळ किरणोत्सार मोजायचा मीटर नेला तर नुसता कडकडाट. सफाईवाल्या मावशी ओरडल्या, "बांधून ठेव गं मेल्याला!" तीनदा डोकं धुतलं. मूत्राशय मात्र रिकामं झालं होतं.

दुसरा फोटो लख्ख. प्रोस्टेटच्या उजव्या भागात ठळक ठिपका. अजिबात शंका नाही.

६ मार्च
पू काढला. अर्धी वाटी.

९ मार्च
ताप उतरला. वॉर्डात नर्सच्या अंगावर ताट भिरकावलं म्हणे. डॉक्टर मला म्हणाले, "तुझ्यामुळे वाचले." उद्या घरी.

१२ मार्च
आई एकटीच आली. हात प्लास्टरमध्ये, खालचा ओठ फाटलेला. पाणी दिलं, प्यायली नाही.

"त्या दिवशी मी दाराबाहेरच होते. डॉक्टर म्हणाले होते ना, साफ आहे, घरी पाठवा?"

"हो."

"मग तू दुसरा फोटो का काढलास?"