पहिली पंगत

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही शिळा होत नाही, म्हणून लिहितोय. औशाला आत्याच्या मुलीचं लग्न आठवतं? बँडवाल्यांचा एक गडी आलाच नव्हता. मी हौसेनं त्याचा ड्रम गळ्यात अडकवला आणि मारुतीपासून मांडवापर्यंत असा वाजवला की म्हातारेकोतारेसुद्धा नाचले. घामानं भिजलेला मी पंगतीत तुमच्या शेजारी येऊन बसतो, पत्रावळीवर बुंदी पडते, पहिला घास उचलतो, आणि तुम्ही माझं कोपर धरून मला उठवता. "वाजवणारे पंगत उठल्यावर जेवत असतेत. जा, बस त्यांच्यात." तुम्ही लातूरचे नावाजलेले गणिताचे सर, मी तुमचा पोरगा, सगळा मांडव बघत होता. मी मागं जनरेटरपाशी बँडवाल्यांत जाऊन बसलो. आमच्यापर्यंत गार भात आणि वरणाचं पाणी आलं. बुंदी संपली होती.

तिथंच ठरवलं, आता वाजवूनच खायचं. पुणे, हैदराबाद, बंगळूर, जिथं रॉक बँडला ड्रमर लागतो तिथं मी जातो, आणि माझी अट एकच, आधी जेवण, मग काठ्या हातात. नांदेडच्या एका कॉलेजात पोरं म्हणाली, आधी पाहुण्यांचं होऊ द्या. मी गुमान सगळा सेट सोडवायला लागलो. मग प्राचार्य स्वतः ताट घेऊन आले. तुमच्यासारखाच चष्मा होता त्यांना. लई बरं वाटलं.

आणि तुमचं तेरावं. औशाचे तेच बँडवाले मी जीप करून आणले आणि पहिल्या पंगतीला बसवले. भिंतीकडची तुमची जागा त्यांच्या बँडमास्तरला दिली. सोयरेधायरे ताटकळत उभे राहिले. मी वाढत होतो, बुंदी, परत बुंदी. तो बिचारा नको नको म्हणत होता, आई खाली मान घालून पाणी देत होती. काका जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मेलेल्या माणसावर सूड उगवायलास का?"

"हाव," मी म्हणालो.

त्याचा पस्तावा आजही नाही. उलट तुम्ही बघायला हवं होतं, एवढीच हळहळ वाटते. हे पत्र कुठं टाकणार, काठ्यांच्या पिशवीतच राहील. फक्त एक सांगतो, अण्णा. मोठमोठ्या हॉटेलांत जेवायला बसलो तरी मी अजून भरभर खातो, दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरून.