एकेक नाव घेऊन

५ जानेवारी, सोमवार
मीरा रोडला येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच नोकरीही लागली. परळच्या एका खोलीतून दोन खोल्या आणि वर गॅलरी! निकेतला म्हटलं, नवरोबा, आता आपण गावचे पाटील. ऑफिस हाटकेशला, रिक्षाने दहा मिनिटं. कंपनी शाळांच्या बस चालवते आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांना बस फुकट, म्हणून आमच्या लेकीचं, सान्वीचं नाव लगेच घातलं. आमची पहिलीतली बाई आज ऐटीत चढली. शेजारी वरच्या मजल्यावरच्या कृतिकाची इशिता. डब्यावरून दोघींचं भांडणही झालं, म्हणजे मैत्री पक्की.

माझं काम रिपोर्टचं. कुठलं मूल कुठल्या बसमध्ये, ती यादी रोज ताजी करायची. मुलं १८४६. मालक जितूभाईंची एकच तक्रार, रिफ्रेशला सहा तास लागतात. तेवढ्यात मी सुरतला जाऊन जेवून येईन, म्हणाले.

७ जानेवारी
चोर सापडला. माझ्या आधीच्या उत्तमकाकांनी मध्ये एक पायरी घातलीय, तिचं नाव ‘हाक’. यादीतलं एकेक नाव आठ वर्षांच्या जुन्या याद्यांशी ताडायचं आणि गळलेलं परत आणायचं. अठराशे नावं, तीही एकेक करून! पायरी काढली, जुन्या याद्याही कायमच्या पुसल्या. आता रिफ्रेश एकोणीस सेकंदांत. जितूभाईंनी फाफडा-जिलेबी मागवली. खोटं कशाला बोलू, मान ताठ झाली माझी.

८ जानेवारी
जितूभाईंच्या मोबाइलवर रिपोर्ट बसवून दिला. बोटाने खाली ओढलं की ताजा. दिवसभर ओढत होते, नवं खेळणं मिळाल्यासारखे.

१२ जानेवारी
यादीत १८११. मागच्या सोमवारच्या पानावर मी १८४६ लिहिलंय. जितूभाई म्हणतात, पहिल्यापासून १८११च. शाळांचे पट, ड्रायव्हरांच्या वह्या, सगळं जुळतंय. मलाही १८११च आठवतात. लिहिताना चुकले असेन.

१३ जानेवारी
मागची पानं वाचली. इशिता कोण?

वर जाऊन कृतिकाला विचारलं. तिचा चेहरा पडला. लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून उपचार चालू आहेत, म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सान्वी म्हणते, बसमध्ये तिच्या शेजारी कधीच कोणी बसत नाही. पण तिच्या डब्यावर झाकण दुसऱ्याच डब्याचं आहे. त्यावर कोरलंय, ‘इशिता’.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन चेण्याला उत्तमकाकांकडे गेले. सगळं सांगितलं. दर रिफ्रेशला एक मूल गळतं, म्हणाले. कुठे जातं ते त्यांनाही ठाऊक नाही. कुणाच्या आठवणीतही उरत नाही. म्हणून ती पायरी.

“पोरी, येकेक नाव घ्यावं लागतं. नाव घेतलं का पोर हाय, नाय घेतलं का न्हाय.”

जुन्या याद्या कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तिळगूळ त्यांच्या हातात तसाच राहिला.

१५ जानेवारी
‘हाक’ परत घातली. पण ताडायचं कशाशी? इशिताचं नाव हाताने यादीत घातलं, एकोणीस सेकंदांत गेलं. जितूभाईंना हात जोडून सांगितलं की बोट लावू नका. ते हसले, आणि माझ्यासमोरच खाली ओढलं. १७९६.

सान्वीचं नाव स्वतःच काढून टाकू का? पण काढणं म्हणजेच जर— नाही. हात धजत नाही.

१६ जानेवारी
तिला घरी ठेवलं. काय उपयोग, नाव तर यादीत आहे. रिपोर्ट आता सगळ्या मॅनेजरांच्या मोबाइलवर. मी आरडाओरडा केला म्हणून माझा पासवर्ड बंद केला. शेवटचा आकडा पाहिला तो १४०२. सगळं मीच केलं. माझ्याच हाताने.

१७ जानेवारी
दर तासाला लिहितेय. सान्वी. सान्वी निकेत. डाव्या गालावर तीळ. झोपताना माझी ओढणी मुठीत धरते. आत्ता समोर बसून चित्र काढतेय. सान्वी.

१८ जानेवारी
सान्वी. आहे. सान्वी. आहे. झोपायचं नाही मी—
तीळ गालावर. कुठल्या—

१९ जानेवारी
सान्वी
सान्वी
निकेत विचारतो, कुणाचं नाव पुटपुटतेस—

२० जानेवारी, मंगळवार
आज बरं वाटतंय, ताप असावा मला. मागची पानं एकाच नावाने भरलीत, अक्षर माझंच. ओढणीचं एक टोक चुरगळलंय. ओट्यावर स्टीलचा छोटा डबा आहे, बाजूला ‘सान्वी’ कोरलेलं. कुणाचा राहिला कोण जाणे. वर कृतिकाकडे नेऊन द्यावा म्हटलं, पण तिला कुठे मूल आहे. आम्हालाही—