ती लाथ गुडघ्याची नाही

५ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दचकू नकोस, अजून त्याच वर्कशॉपात आहे. आठ महिने झाले. तू विचारलंस मी नक्की करतो काय, तर ऐक. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, ते पाहिलं असशील. किती उडाला हे ते नजरेनेच ठरवतात. एकाला बेताचा वाटतो, दुसऱ्याला जोरात. आमचे मिस्त्री (मालकच, पण मालक म्हटलं की चिडतात) अशी हातोडी बनवतात की ठोका पडल्यापासून पाय हलेपर्यंत किती वेळ गेला ते कागदाच्या पट्टीवर उमटतं. त्या पट्ट्या मी तपासतो. प्रयोगाचा गुडघाही माझाच, दिवसाला दोनशे ठोके. समोर एक छत्र्या दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडून मूठ बसवायला शिकलो. ते जाऊ दे. बाबांची कंबर कशी आहे?

लोभ आहेच, तेवढा मात्र पट्टीवर उमटत नाही.

तुझा भोवरा

१९ जून

चि. भोवऱ्यास, अनेक आशीर्वाद.

आठ महिने वाचून बाबांनी मला ती ओळ परत वाचायला लावली, आणि मग शेजारी जाऊन सांगून आले.

कंबरेचं ठीक नाही. मणक्यात नस दबलीय, डावा पाय जिन्यात दगा देतो. डॉक्टर म्हणाले, डावा पाय ठोक्याला उडत नसेल तर ऑपरेशन लांबवू नका. त्या दिवशी पाय हललाच नव्हता. पण ऑपरेशनचं ऐकून आल्यावर दुसऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर टुणकन उडाला. आता खरं कुणाचं मानायचं? त्यांच्याकडे तुमची ती हातोडी चाचणीसाठी आलीय, पण त्यांचाही हात अजून बसलेला नाही. पट्टीची नक्कल सोबत जोडतेय. बाबांची ताकीद आहे की तुला यातलं काही कळवायचं नाही, म्हणून माळ्यावर बसून लिहितेय, गुडघे माझेही बोलतायत.

दोन वर्षं झाली तुला जाऊन. तुझ्या खोलीत मी शिलाई मशीन टाकलंय, पण बाबा खाटेला हात लावू देत नाहीत.

लवकर लिही. चार ओळी लिहिल्यास तरी चालतील, पण विषय सोडून भटकू नकोस.

तुझी ताई

२७ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पट्टी पाहिली. मिस्त्रींना दाखवली. परत पाहिली.

एका सेकंदाचे हजार भाग कर. बाबांचा उजवा पाय ठोक्यानंतर साठाव्या भागाला हलतो. माझाही तितकाच, बरोबर आहे. डावा हलतो दोनशे चाळिसाव्याला. ताई, गुडघा एवढा वेळ लावत नाही. एवढा वेळ माणसाला लागतो, ठोका पडला हे कळून मुद्दाम पाय उडवायला. ती लाथ गुडघ्याची नाही, बाबांची आहे. तीस वर्षं बसचा क्लच दाबलेला पाय तो, हुकूम झाला की हलणारच. मिस्त्री म्हणाले, इतकं सफाईदार सोंग त्यांनी पाहिलं नाही. मी हसलो, आणि मग छत्रीवाल्याजवळ जाऊन तीन छत्र्यांच्या मुठी बसवल्या.

मी काही डॉक्टर नाही, तेव्हा बाईंना हे आजच सांग. बाबांना डोळे मिटून, बोटांत बोटं अडकवून जोरात ओढायला लावा, आणि त्याच क्षणी ठोका मारा. लक्ष बोटांत गुंतलं की सोंग जमत नाही.

मी येत्या दहा दिवसांत निघतोय. नोकरी सोडून नाही, महिन्याची सुट्टी घेऊन. बाबांना आधी हे सांग, मग बाकीचं.

बाकी भेटीत.

भोवरा

४ जुलै

चि. भोवऱ्यास, अनेक आशीर्वाद.

बोटं ओढायला लावली, वर ताईने तुझं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. मी ऐकत बसलो. उजवा उडाला, डावा ढिम्म. तीस वर्षांत एकदा चलान झालं नाही, आणि पोरानेच पकडलं. येत्या बुधवारी ऑपरेशन आहे.

तुला बोलवावंसं वाटत नव्हतं असं समजू नकोस. रोज वाटायचं. पण तू निघालास तेव्हा मीच म्हणालो होतो, हा कुठे टिकायचा नाही. माझं ते बोलणं तू खोटं ठरवत होतास. अशा वेळी ऑपरेशनसाठी मीच हाक मारून तुला नोकरीवरून उठवायचं? म्हणून ते सोंग.

खाट झटकून ठेवलीय. गेटची कडी वाजली की मी दारात येईन. किती वेळ लागतो ते मोजत बसू नकोस. उशीर झालाच, तर तो गुडघ्याचा धर, माझा नाही.

वाट पाहणारा,
तुझा बाप