शेवटच्या पानावरची माय

माय,

तू होतीस तेव्हा घरी आलेलं कोणाचंही पत्र मीच तुला वाचून दाखवायचो, आणि तू भाजी निवडता निवडता 'हं, मंग?' म्हणत ऐकायचीस. आता लिहिणारा मीच आणि 'मंग?' म्हणायला कोणी नाही, तरी सांगतो. अमरावतीत चित्रकलेचा मास्तर म्हणून माझा जन्म गेला. निवृत्त झालो तरी हाताला चैन पडेना, म्हणून लहान पोरांसाठी एक चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात दोन भाऊ आहेत. त्यांना नावं दिलेली नाहीत, पण तू पहिल्याच पानावर ओळखलं असतंस, कारण धाकट्याच्या चड्डीला नाडीऐवजी सुतळी आहे आणि थोरला त्याच्याकडे 'आता काय नवीन?' अशा नजरेनं बघतो आहे. या पुस्तकावरून इथल्या आईबापांत चांगलीच जुंपली आहे, आणि त्या भांडणात शेवटी तुझी चौकशी झाली. म्हणून लिहायला बसलो.

गोष्ट तुला माहीत आहे, तूच ती भोगली आहेस. पण पुस्तकात ती अशी आहे. मळ्यात कोहळ्याचे वेल पसरलेत, कोहळी अजून मुठीएवढी, हिरवीगार. (पुण्याच्या पोरांनाही कळलं पाहिजे म्हणून 'लाल भोपळा' असं खाली बारीक अक्षरात लिहावं लागलं, ते मला अजून रुचलेलं नाही.) दोघे भाऊ बाभळीचा काटा घेतात आणि एकेका कोहळ्यावर एकेक तोंड कोरतात. काट्याचा ओरखडा पुसला जात नाही. तो भरून येतो, आणि कोहळं फुगतं तसं तोंडही फुगतं. दिवाळीपर्यंत सगळं गाव मळ्यात आडवं पडलेलं: चष्मेवाले गुरुजी, दात पडलेली शेजारची काकू, आणि मिशांचे आकडे वळवलेले आपले आबा. मग कोहळी बाजारात जातात, जो तो आपलं तोंड बघून पोट धरून हसतो आणि आपापलं कोहळं घेऊन घरी जातो. संपली गोष्ट. कल्पना धाकट्याची होती आणि हात माझा, हे तुला तेव्हाही माहीत होतंच.

इथे एक छोटं बालवाचनालय आहे. ते चालवणाऱ्या बाईंनीच पुस्तक छापलं, आणि रविवारी त्या पोरांना गोळा करून ते वाचून दाखवतात. मागे सतरंजीवर आईबाप बसतात. पहिली प्रत वाचली तेव्हा सगळे खूश होते. पुढच्या रविवारी एक गृहस्थ दारातूनच बोलत आत आले. नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, नवी गाडी घेतलेली. "सर, तुमच्या पुस्तकापायी माह्या दोन्ही पोट्ट्यांनी बोनेटवर खिळ्यानं त्यायचा आजा काढला!" मी काही बोलायच्या आत मागून कोणीतरी विचारलं, "मंग गाडी मोठी होईन तसा आजा बी मोठा होईन का?" सगळे हसले. गृहस्थ हसले नाहीत. पोरं रोज सकाळी उठून बोनेटवरचा आजा किती वाढला ते बघतात म्हणे. मला हसू दाबता आलं नाही, आणि त्यांनी ते पाहिलं.

मग प्रत्येकाला तोंड फुटलं. एकजण म्हणाले, "खोडी केली, अन् वरून साऱ्यायनं कौतुक केलं. हे शिकवायचं का पोरायले? शेवटी निदान चार रट्टे तरी दाखवा." एक बाई म्हणाली, माझे दोघे एका खोलीत राहून एकमेकांशी बोलत नव्हते, ज्याचा त्याचा मोबाइल, पुस्तक वाचल्यावर दोघांनी मिळून माझी तुळशीची कुंडी फोडली, तर फोडू दे, मिळून तर फोडली. दुसरीनं तिला तिथल्या तिथे सुनावलं, "तुमची कुंडी हाय बाई, आमचा टीव्ही होता." कोणी म्हणे रट्टे नकोत, नुसतं 'सॉरी' म्हणू द्या. कोणी म्हणे आपण काय कमी खोड्या केल्या, बिघडलो का? त्यावर त्याची बायको म्हणाली, "ते मले इचारा." वाचनालयाच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. पुस्तकाच्या प्रती संपत आल्या होत्या आणि नव्यानं छापायचं होतं.

या सगळ्यात एक बाई भिंतीला टेकून गप्प बसली होती. सकाळी गांधी चौकात भाजी विकते आणि रविवारी लेकाला घेऊन येते. सगळे दमल्यावर ती म्हणाली, "सर, मले एकच सांगा. ह्या पोरायची माय कुठं हाय?" मला प्रश्न समजला नाही. ती म्हणाली, "पुस्तकात आबा हाय, गुरुजी हाय, काकू हाय, बैल बी हाय. माय नाही. आमच्या पोरानं काही केलं का सारे हेच त इचारतात, माय काय करून राहिली होती? मंग इथं कुठं गेली थे?" मी पुस्तक उलटंपालटं केलं. खरंच नव्हतीस. घर होतं, चूल होती, दोरीवर तुझं लुगडं वाळत होतं, आणि तू कुठेच नव्हतीस. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, आपण शेवटी एक पान वाढवूया, त्यात आई येऊ दे, म्हणजे शिक्षाही होईल आणि गोष्टही पुरी होईल. मी हो म्हणालो आणि घरी आलो.

खरं काय झालं होतं ते तर मला लख्ख आठवतं. बाबा हंगामात कापसाच्या जिनिंगवर, म्हणून बाळापूरच्या बाजाराला तू आम्हा दोघांना घेऊन बैलबंडी हाणत जायचीस. त्या दिवशी तू अंधारातच कोहळी तोडून बंडीत भरलीस, आणि बाजारात उजेडात मांडायला लागलीस तेव्हा, इतके दिवस पानांखाली झाकलेली ती तोंडं तुला पहिल्यांदा दिसली. तू एक कोहळं उचलतेस, उलटं करतेस, दुसरं उचलतेस. माझ्याकडे बघत नाहीस. बाया येतात, हात लावतात आणि चटका बसल्यासारखा काढून घेतात. "बाई वं, हे काय वं? कोनाची करणी त नाही ना?" एकीनं म्हटलं आणि बाजारभर झालं. तू सांगतेस, पोट्ट्यायनं केलं वं, माह्याच पोट्ट्यायनं. पण करणीचा शब्द एकदा निघाला की कोण ऐकतं? दुपार कलली तरी एक कोहळं हललं नाही. समोर आबांचं कोहळं ठेवलेलं, मिशा वर करून तुझ्याकडे बघत. ज्या सासऱ्यापुढे तू कधी मान वर केली नाहीस, तो दिवसभर तुझ्यासमोर बसून होता. सगळी बंडी भरलेलीच परत आली.

घरी आल्यावर तू बैल सोडलेस, ढिगातून पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या झाडाची, एक काडी ओढलीस आणि मला अंगणात उभं केलंस. "तू थोरला हायेस ना रे! तुले समजाले नाही पायजे?" धाकटा बंडीखाली शिरला होता, त्याला तू हाक मारली नाहीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर मी काही संन्यासी नव्हतो, पण चोर दोघे होते आणि काडी एकाच्याच पिंढऱ्यांवर पडत होती. त्यानंतर सारा हिवाळा आपण कोहळंच खाल्लं. भाजी, तळलेली गोड बोंडं, पुन्हा भाजी. बाईमाणसानं अख्ख्या कोहळ्याला विळी लावायची नाही, कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, हे तू शेवटपर्यंत पाळलंस. पहिली चीर पुरुषमाणसानं द्यायची. आबांना दिसत नव्हतं, बाबा घरी नसत. म्हणून रोज संध्याकाळी तू माझ्यापुढे कोहळं ठेवायचीस आणि मी माझंच चित्र चिरायचो. गुरुजी चिरले, काकू चिरली. आबांची पाळी आली तेव्हा तू मला म्हणालीस, मिशा सोडून चीर दे.

तर ते शेवटचं पान. अंगण काढलं, बंडी काढली, बंडीखाली धाकट्याचे दोन पाय काढले. मान खाली घातलेला थोरला काढला. काडी धरलेला तुझा हात काढला, तो तर मी डोळे मिटून काढीन. आणि चेहऱ्याशी येऊन अडलो. तुझा फोटो एकच, ओळखपत्रावरचा, त्यात तू कॅमेऱ्याला घाबरलेली. तो बघून काढला तर कोणी परकीच बाई माझ्या अंगणात येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं. रागावलेली काढून बघितली, तर पोरं दचकतील अशी झाली. जन्मभर शेकडो पोरांना मी सांगत आलो, आधी बघा मग काढा. आणि माझ्या लक्षात आलं की त्या संध्याकाळी मी तुझा चेहरा बघितलाच नव्हता. मला तुझे पाय आठवत होते, चिखलानं भरलेले.

म्हणून धाकट्याकडे अकोल्याला गेलो. गाडी मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली, मी खाली उतरलो सुद्धा नाही. धाकटा आता आजा झाला आहे, त्याची नातवंडं त्याच्या अंगावर खेळतात आणि त्याला ओरडायचं कसं ते ठाऊकच नाही. मी चित्र पुढे ठेवलं. बंडीखालचे पाय बघून तो खदखदा हसला. "टाक दादा, मार टाकच. तुले पडलाच होता त दाखवाले काय हरकत हाय?" मी म्हटलं, मार टाकतो, पण मायचा चेहरा कसा होता? तो म्हणाला, "तुले नाही माहीत?" मी नाही म्हटलं. "तू त मुंडी खाली घालून होता. मी बंडीखालून पाहून राहिलो होतो ना. एका हातात काडी, अन् दुसऱ्या हातानं पदराचा बोळा तोंडात कोंबेल होता. खांदे असे गदगद गदगद हालून राहिले होते."

"रडत होती?"

"हासून राहिली होती! आबाचं कोहळं बंडीवर तिच्या समोरच होतं ना. काडी मारे अन् त्या कोहळ्याकडे पाहे."

त्याची बायको चहा घेऊन आली, ती पण ऐकत उभी राहिली. मी पुन्हा विचारलं, "नक्की हसत होती? बंडी भरलेली परत आली होती. बाजाराचा एक पैसा हातात नव्हता." तो बशीत चहा ओतता ओतता थांबला. "मी लहान होतो दादा. मले तवा हासनंच वाटलं. मी बी खाली पडल्या पडल्या हासलो. आता तू इचारते त..." त्याची बायको म्हणाली, "तोंडात पदर धरला का दोन्ही सारखंच दिसते." मग तिनं चहा घ्या, गार होतो म्हणून सांगितलं आणि आम्ही घेतला.

परत आल्यावर मी तसंच काढलं. एका हातात काडी, तोंडात पदर, खांदे वर आलेले, डोळे अर्धे मिटलेले. काल वाचनालयात ते पान दाखवलं. भांडण मिटेल असं वाटलं होतं, ते मिटलं नाही. बोनेटवाले गृहस्थ म्हणाले, शिक्षा झाली हे बरं झालं. दुसऱ्या एका आईनं लगेच म्हटलं, मुलांच्या पुस्तकात मारणं दाखवायचं नसतं सर, आणि तिचंही खोटं नाही. पोरं मात्र पानावर अशी झुंबडली की बाईंना पुस्तक डोक्यावर धरावं लागलं. भाजीवाल्या बाईच्या लेकानं तिला विचारलं, "माय, हे रडते का हासते वं?" तिनं पान जवळ घेऊन पाहिलं. मग त्याच्या डोक्यावर टप्पल मारून म्हणाली, "तुले पोट्टे झाले का मंग सांगजो मले." आणि जाताना मला म्हणाली, "आता आली माय."

उद्या पान छपाईला जाईल. तू हसत होतीस असं मानायला मला फार आवडेल. धाकट्यानं सांगितल्यापासून मी एकटाच बसून पुष्कळदा हसलोही आहे. पण तुझ्यापासून काय लपवायचं? हे पान काढायला घेतलं तेव्हा माझ्या मनात तुला आणणं वगैरे काही नव्हतं. साऱ्या अमरावतीला दिसू दे, मार एकट्या मलाच पडला होता, एवढंच होतं. पहिल्या चित्रात तुझ्या हातातली काडी मी चांगली मनगटाएवढी जाड काढली होती. अकोल्याहून आल्यावर ती खोडली आणि बारीक केली, अगदी पऱ्हाटीची असते तेवढी. काडीच काढून टाक म्हणणारे पुष्कळ आहेत, बाईही म्हणाल्या. माय, ती काढून टाकायला अजून माझा हात होत नाही.