तीन डिस्क आणि मार्केट यार्डातले एकोणचाळीस हजार चेहरे

मी, श्यामला गजानन हसबनीस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार धायरी, पुणे, माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते आणू शकेल असे माणूस आमच्या घरात अजून जन्मायचे आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो पुरेसा वाटत नसेल त्याने हार्ड डिस्क या विषयावर माझ्याशी पाच मिनिटे बोलून पाहावे. अक्षर कापरे दिसेल, पण ते वयामुळे नाही. मागच्या आठवड्यात जे सापडले त्याच्या आनंदाने मला अजून धड जेवण जात नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

१. धायरीचा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी मुलगा चि. अवधूत याला. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

२. दोन्ही जुने कॅमेरे आणि तिवई नात चि. ओवी हिला, ती त्यांनी फोटो काढणार असेल तर. शोकेसमध्ये मांडणार असेल तर तिलाही नाहीत.

३. माझे दीर रंगराव यांना निगेटिव्ह ठेवायचे पत्र्याचे बावीस डबे द्यावेत, रिकामे. मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले असताना ‘स्कॅन झालं ना, मग पसारा कशाला’ असे म्हणून त्यांनी आतल्या सगळ्या निगेटिव्ह भंगारवाल्याला दिल्या आणि डबे बरे आहेत म्हणून ठेवून घेतले. तेव्हा डब्यांवर हक्क त्यांचाच आहे.

४. आता माझी खरी इस्टेट. यजमान गेल्यावर गुलटेकडीचा आमचा स्टुडिओ मी एकतीस वर्षे चालवला. मार्केट यार्डातल्या हमालांच्या, तोलणारांच्या आणि कांदा निवडणाऱ्या बायकांच्या ओळखीच्या बिल्ल्यांवर लावायचे फोटो मी काढत असे. यातल्या बहुतेकांचा जन्मात तेवढा एकच फोटो निघाला. माणूस गेले की घरचे माझ्याकडे येत, आणि मी त्या छोट्या फोटोचा मोठा करून देई. असे एकोणचाळीस हजार फोटो मी स्कॅन करून एका डिस्कवर ठेवले होते. एका, हे वाचणाऱ्याने नीट लक्षात घ्यावे.

५. माझी चूक मी इथे कबूल करते. गेल्या खंडेनवमीला शस्त्रपूजेत कॅमेरे मांडले, तिवई मांडली आणि शेजारी ती डिस्कही ठेवली. फोटोंची कामे चालू होती म्हणून तिची वायर कॉम्प्युटरला तशीच जोडलेली होती. मी फुलाने तिच्यावर पाणी शिंपडले, हळदीकुंकू वाहिले आणि मनोभावे नमस्कार केला. नमस्कार पुरा व्हायच्या आत डिस्क बंद पडली. हडपसरला डिस्क दुरुस्त करणारा सुदर्शन याने ती उघडली आणि वायरीच्या खाचेतले ओले कुंकू टाचणीने काढून मला दाखवले. त्याने तीन आठवडे खपून जवळजवळ सगळे परत मिळवले. अकराशे फोटो मात्र कायमचे गेले.

६. दिवाळीनंतर गोदाबाई आली. ही कांद्याच्या गाळ्यावर निवडायला बसते. तिचा नवरा उत्तरेश्वर, यार्डातला हमाल, पंधरा दिवसांपूर्वी गेला होता. बिल्ल्यावरचा त्याचा फोटो घामाने पुसून गेला होता आणि माझ्याकडचा त्या अकराशेंमध्ये होता. मी तिला खरे ते सांगितले. ती भांडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, “जाऊ द्या बाई. तोंड आठवतंय अजून. पुढं नातवंडांना काय दाखवू, तेवढंच.” ती गेल्यावर मी बसून रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

७. चि. अवधूतचे मत होते, सगळे क्लाउडवर टाक, विषय संपला. मी त्या क्लाउडवाल्यांच्या अटी शेवटपर्यंत वाचल्या. त्याने त्या उघडूनही पाहिल्या नव्हत्या. खाते फार दिवस उघडले नाही तर ते बंद करू शकतात. मी मेल्यावर ते उघडणार कोण? म्हणून मी घरात ठेवण्याच्या डिस्कच निवडल्या, आणि सांगायला हरकत नाही की लग्नाचा शालू निवडतानाही मला इतकी मजा आली नव्हती. दुकानदाराला मी तीनदा घाम फोडला. दोन डिस्क फिरत्या तबकडीच्या घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकीच्या मालात खोट निघाली तरी दुसरी उरेल. तिसरी एसएसडी, बोटाएवढी, पडली तरी न बिघडणारी. पण ती वर्षानुवर्षे वीज न देता ठेवली तर आतले पुसले जाऊ शकते, म्हणून ती रोजच्या वापराला. तिन्हींना पासवर्ड नाही. पासवर्ड मेलेल्या माणसाबरोबर जातो.

८. फोटो डिस्कवर उतरले म्हणजे सुखरूप आहेत असे धरू नये. उघडून पाहावे लागतात. मी रोज दोनशे उघडून पाहिले. मागच्या गुरुवारी माऊली या हमालाचा जुना फोटो उघडला. खेप बुडायला नको म्हणून हे लोक स्टुडिओत येत नसत, मीच पांढरी चादर घेऊन गाळ्यावर जाई. एकाने पोत्यावर बसायचे आणि दोघांनी मागे चादर धरायची. देताना मी कडा कापून देई, पण स्कॅन अख्ख्या निगेटिव्हचा केलेला होता. माऊली तोंड आवळून बसला आहे, आणि डाव्या बाजूला चादरीचे टोक धरून, त्याच्याकडे बघून खदखदून हसतो आहे तो उत्तरेश्वर. अख्खा चेहरा, लख्ख. मी खुर्चीतून ओरडले. शेजारचे धावत आले.

९. गोदाबाईला रिक्षाने आणले. पडद्याला हात न लावता ती वाकून जवळून बघू लागली. मग म्हणाली, “हसायलेत बघा. घरी एवढं कधी हसले न्हाईत.”

१०. म्हणून डिस्कची वाटणी अशी: एसएसडी चि. अवधूतकडे, हडपसरला. एक फिरती डिस्क धायरीला, याच फ्लॅटमध्ये. दुसरी गोदाबाईकडे, गुलटेकडीला. तीन घरे, म्हणजे एकात पाणी शिरले तरी दोन उरतील. अवधूत म्हणाला, त्यांच्याकडे कॉम्प्युटर कुठे आहे? नाही, म्हणूनच. ती उगाच उघडणार नाही, काही पुसणार नाही, आणि यार्डातले कोणी आले तर माझ्या मुलापेक्षा लवकर दार उघडेल. अवधूतने दर सहा महिन्यांनी आपला लॅपटॉप घेऊन एकदा धायरीला आणि एकदा तिच्याकडे जावे आणि दोन्ही फिरत्या डिस्क चालू करून तपासाव्यात. फ्लॅट त्याला या अटीवर आहे. यार्डातल्या कोणालाही फोटो फुकट द्यावा. आणि डिस्कची पूजा कोणीही, कधीही करू नये.

११. उत्तरेश्वरचा फोटो मोठा करताना मी माऊलीला कापणार होते. माऊली जिवंत आहे, आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. हे त्याच्या कानावर गेले तर तो म्हणाला, घाला की, मला काय व्हतंय. पण गोदाबाई ऐकेना. म्हणाली, “ह्याच्यामुळंच हसायलेत. ह्याला कापलं तर कशाला हसायलेत ते कळंल का कुणाला? हारच नको.” तिच्या घरी तो फोटो तसाच आहे, दोघांचा, बिनहाराचा. मी गेल्यावर माझ्याही फोटोला हार घालू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी. गोदाबाईला यातून मिळायचे आहे, म्हणून तिला साक्षीदार केलेले नाही. ती बाहेरच्या खोलीत चहा घेत बसली आहे.

पुणे, दिनांक २३ जून २०२६

सही: श्यामला गजानन हसबनीस

साक्षीदार:
१. सुदर्शन अंकुश गिराम, हडपसर. सही
२. माऊली किसन शेंडगे, हमाल, मार्केट यार्ड. डाव्या हाताचा अंगठा. (सही येते, पण अंगठा मोठा दिसतो असे त्याचे म्हणणे.)